अशुद्धीची साक्ष

वाचकहो, साखर आणि गूळ ही एकाच उसाची दोन लेकरे होत. परंतु दोघांच्या स्वभावात मोठे अंतर आहे. साखरेचा स्वच्छ दाणा तळहातावर घेतला, तर तो कोणत्या कारखान्यात तयार झाला हे डोळ्याला वा जिभेला सांगता येत नाही. गुळाचे तसे नाही. बेळगावकडील एखादा जुना जाणता गुळव्या ढेपेचा तुकडा मोडून पाहतो, जिभेवर ठेवतो आणि ऊस खारवट जमिनीतला होता, काहील जास्त तापली, चुन्याचा हात सैल सुटला, अशा गोष्टी पटापट सांगून जातो. ही माहिती त्याला गुळातील गोडव्याने दिलेली नसते. गोडवा सर्वत्र सारखाच. गोडव्याबरोबर जे इतर काही मागे राहिले, तेच त्याच्याशी बोलत असते.

आजच्या लेखाचा विषय या लहानशा सत्यावर उभा आहे. चोरून तयार केल्या जाणाऱ्या अमली पदार्थांची न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासणी होते, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ प्रथम अर्थातच मुख्य पदार्थ कोणता हे ओळखतो. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. त्या पदार्थात कोणकोणती अशुद्धी किती प्रमाणात आहे, याचाही तो बारकाईने हिशेब मांडतो. जे टाकाऊ म्हणून दुर्लक्षिले जाते, तेच साक्षीदार म्हणून उभे राहते. आणि कधी कधी तेच मारेकरीही ठरते. या दोन्ही गोष्टी आपण क्रमाने पाहू.

अशुद्धीचे साधारणतः चार प्रकार मानता येतील. पहिला, मूळ वनस्पतीतून आलेली अशुद्धी. दुसरा, प्रक्रियेसाठी वापरलेल्या रसायनांचा व द्रावकांचा उरलेला अंश. तिसरा, प्रक्रिया चालू असता नको असताना आपोआप तयार झालेले उपपदार्थ. आणि चौथा, विक्रेत्याने वजन वाढविण्यासाठी मागाहून केलेली भेसळ. पहिले तीन प्रकार माल कोठे व कसा तयार झाला हे सांगतात. चौथा प्रकार तो नंतर कोणाकोणाच्या हातांतून गेला याचा सुगावा देतो. दूध कोणत्या गाईचे, हा एक प्रश्न. त्यात पाणी कोणी घातले, हा दुसरा. दोहोंची गल्लत होऊ नये.

उदाहरणासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. माळव्यातील आपल्या वाचकांना मंदसौर व नीमच या जिल्ह्यांतील अफूची शेते ठाऊक आहेत. तेथे सरकारी परवान्याने अफू पिकविली जाते, हे परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्य कार्यालय ग्वाल्हेरला आहे, आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात अफूपासून औषधी द्रव्ये काढली जातात. कर्करोगाच्या असह्य वेदनांवर दिले जाणारे मॉर्फिन हे त्यांपैकीच एक होय. परंतु अफूच्या चिकात एकटे मॉर्फिन नसते. त्याच्याबरोबर कोडीन, थीबेन, पॅपाव्हरिन, नॉस्कॅपिन अशी भावंडे असतात, आणि त्यांचे परस्परप्रमाण बोंडाच्या जातीप्रमाणे व प्रदेशाप्रमाणे बदलते.

आता कोणी चोरट्या मार्गाने या मॉर्फिनपासून हेरॉइन बनवितो, तेव्हा मॉर्फिनबरोबर चुकून राहिलेल्या कोडीनवरही तीच प्रक्रिया घडते आणि असेटिलकोडीन नावाचा पदार्थ तयार होतो. हेरॉइन करणाऱ्याला तो नको असतो; बहुधा तो झाला हे त्याला माहीतही नसते. पण प्रयोगशाळेत त्याचे प्रमाण मोजले की मूळ मॉर्फिन किती स्वच्छ केले होते हे उघड होते. पॅपाव्हरिन व नॉस्कॅपिन उरले आहेत की जवळजवळ नाहीसे झाले आहेत, यावरून शुद्धीकरणाची रीत कळते. आणि रीत कळली की ती कोणत्या प्रदेशातील कारागिरांची आहे याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने 1977 पासून हेरॉइनच्या अशा ओळखखुणांची पद्धतशीर नोंद ठेवण्यास प्रारंभ केला.

ही अशुद्धी मोजतात तरी कशी? येथे एका चित्राचे साहाय्य घेऊ. गावच्या सणाची मिरवणूक निघाली आहे आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंस दुकाने मांडली आहेत, अशी कल्पना करा. सर्व मंडळी एकाच वेळी निघाली, तरी सर्व एकाच वेळी पोचत नाहीत. ज्याला दुकानांचे आकर्षण नाही तो सरळ पुढे जातो. ज्याचा पाय प्रत्येक दुकानापाशी अडतो तो मागे पडतो. वायू-क्रोमॅटोग्राफी या यंत्रात हेच घडते. नमुन्याची वाफ करून ती सुमारे 30 मीटर लांबीच्या, आतून पाव मिलिमीटर व्यासाच्या वेटोळ्या नळीतून हेलियमसारख्या वायूच्या प्रवाहाबरोबर सोडतात. नळीच्या आतल्या लेपाशी प्रत्येक पदार्थाचे सख्य निरनिराळे असते. त्यामुळे मिश्रणातील घटक एकामागून एक, वेगवेगळ्या वेळी, बाहेर पडतात. बाहेर पडताच दुसरे यंत्र त्यांच्या रेणूंचे तुकडे करून त्या तुकड्यांचे वस्तुमान मोजते. कोणता रेणू कसा फुटतो हे ठरलेले असल्याने त्याची ओळख पटते. शेवटी कागदावर लहानमोठ्या शिखरांची एक रांग उमटते. ते त्या मालाचे अशुद्धिचित्र होय. दोन ठिकाणी पकडलेल्या मालाची चित्रे एकमेकांवर ठेवून पाहिली, म्हणजे ते एकाच घाण्यातून निघाले असावेत की नाही, हे ताडता येते.

मातीची खूणही याच मार्गाने शोधली जाते. 2000 साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात जेम्स एलरिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेनविषयी एक संशोधन प्रसिद्ध केले. कोकाच्या पानांत कार्बन व नायट्रोजन या मूलद्रव्यांच्या हलक्या व जड अणूंचे प्रमाण त्या त्या प्रदेशाच्या माती-हवेप्रमाणे किंचित बदलते. त्या प्रमाणाला पानांतून आलेल्या दोन सूक्ष्म घटकांची जोड देऊन त्यांनी 200 नमुन्यांपैकी 96 टक्के नमुन्यांचा उगमप्रदेश अचूक सांगितला. पान वाळले, कुटले गेले, रसायनांत भिजले, त्याची पांढरी पूड झाली आणि ती समुद्रापार गेली. तरी ज्या डोंगरउतारावर ते वाढले, त्याची आठवण तिच्यात शिल्लक होती.

काही अमली पदार्थ मात्र शेतात उगवत नाहीत. ते सर्वस्वी रसायनांपासून बनविले जातात. मेथअॅम्फेटामिन त्यांपैकी एक. त्याचा रेणू दोन रूपांत असतो, आपल्या उजव्या व डाव्या हातासारखा: ठेवण तीच, पण एकाचा मोजा दुसऱ्याला बसत नाही. सर्दीच्या औषधांत वापरल्या जाणाऱ्या एफेड्रिनच्या जातीच्या द्रव्यापासून तो केला, तर एकाच हाताचे रेणू मिळतात. दुसऱ्या एका पद्धतीत दोन्ही हातांची सरमिसळ होते. मेक्सिकोने 2008 च्या सुमारास त्या औषधी द्रव्यांवर कडक निर्बंध घातले, आणि पुढे अमेरिकेतील प्रयोगशाळांना पकडलेल्या मालाच्या चित्रात पालट झालेला दिसू लागला. चोरट्या कारखान्यांनी रीत बदलली, हे कोणी कबूल करण्यापूर्वीच त्यांच्या मालाने सांगून टाकले होते. कोणत्या रसायनाच्या खरेदी-विक्रीवर लक्ष ठेवावे, हे ठरविण्यास सरकारांना अशा माहितीचा मोठा उपयोग होतो.

परंतु या साक्षीची मर्यादाही नीट समजून घेतली पाहिजे. कारण येथे माणसांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असतो. 2003 च्या एप्रिल महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याच्या किनाऱ्यावर ‘पाँग सू’ नावाच्या उत्तर कोरियाच्या मालवाहू जहाजातून हेरॉइन उतरविण्यात आले. समुद्र खवळलेला होता. लहान होडी उलटून एक माणूस मेला. शंभर किलोहून अधिक माल पोलिसांच्या हाती लागला, आणि पळून जाणाऱ्या जहाजाचा कित्येक दिवस पाठलाग करून सैनिकांनी ते ताब्यात घेतले. त्या हेरॉइनची तपासणी झाली तेव्हा ते आशियातील दोन, मेक्सिकोतील एक व दक्षिण अमेरिकेतील एक अशा ज्ञात चार उगमप्रदेशांपैकी कोणाशीही जुळेना. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात शास्त्रज्ञांनी तेवढेच लिहिले: हे ज्ञात उगमांपैकी नव्हे. अमुक देशाचेच आहे, असे ठोकून देण्याचा मोह पडण्याजोगी ती वेळ होती. पण पुरावा जेथे थांबला तेथे त्यांची लेखणीही थांबली. त्याच वर्षी न्यायालयात ज्युरीने जहाजाच्या कप्तानाला व तिघा अधिकाऱ्यांना निर्दोष ठरविले. किनाऱ्यावर माल उतरविणाऱ्या व घेणाऱ्या इसमांना मात्र शिक्षा झाल्या.

तात्पर्य, अशुद्धिचित्र पदार्थाविषयी बोलते, मनुष्याच्या मनाविषयी नाही. दोन पुड्या एका घाण्यातील आहेत असे ते म्हणू शकेल. पण पुडी बाळगणाऱ्याला आत काय आहे हे ठाऊक होते की नव्हते, हे सांगण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही. शिवाय दोन घाण्यांचा माल एकत्र झाला, किंवा दोघांनी एकच कृती वापरली, तर चित्र फसवे होऊ शकते. म्हणून विवेकी रसायनशास्त्रज्ञ आपल्या अहवालात साम्य किती दृढ आहे हे लिहितो, आणि निवाडा न्यायाधीशावर सोपवितो.

येथवर आपण अशुद्धीला साक्षीदार म्हणून पाहिले. आता तिचे दुसरे रूप पाहू. 1988 साली अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात काही रुग्णांना शिशाची विषबाधा झाल्याचे आढळले. ते कोणत्याही शिशाच्या कारखान्यात कामाला नव्हते. त्यांनी शिरेतून टोचून घेतलेल्या मेथअॅम्फेटामिनमध्ये, ते बनविताना वापरलेल्या शिशाच्या क्षाराचा अंश राहून गेला होता. औषधाच्या कारखान्यात प्रत्येक घाण्याची तपासणी होते आणि दोषी घाणा फेकून दिला जातो. चोरट्या कारखान्यात फेकून कोण देणार? तेथे तपासणीचे काम गिऱ्हाइकाच्या देहावरच होते.

याचे सर्वांत भयंकर उदाहरण कॅलिफोर्नियातील आहे, आणि ते मी सविस्तर सांगणार आहे.

1982 च्या जुलै महिन्यात सॅन होसे शहरातील एका रुग्णालयात बेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ आणला गेला. तो जागा होता, पण पुतळ्यासारखा ताठ झाला होता. बोलता येत नव्हते, हात उचलवत नव्हता, चेहऱ्यावर कोणताही भाव नव्हता. प्रथम डॉक्टरांना वाटले की हा मानसिक विकार असावा. परंतु त्याची बोटे किंचित हलत असल्याचे पाहून त्याच्या हाती पेन्सिल देण्यात आली, तेव्हा त्याने अतिशय सावकाश लिहून उत्तरे दिली. आत मन पूर्ण शाबूत होते. देह तेवढा कुलूपबंद झाला होता. मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. विल्यम लँगस्टन यांनी त्याला तपासले आणि ते चक्रावून गेले. सर्व लक्षणे कंपवाताची होती. जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने 1817 साली वर्णन केलेला हा विकार वृद्धापकाळी, हळूहळू, वर्षानुवर्षे वाढत जातो. येथे तो काही दिवसांत पूर्णावस्थेला पोचला होता. लवकरच तशीच आणखी माणसे आढळली. त्यांत विशीतले दोघे भाऊही होते. या सर्वांना जोडणारा धागा एकच निघाला: सर्वांनी ‘नवे हेरॉइन’ म्हणून विकली जाणारी एक कृत्रिम पूड टोचून घेतली होती.

ही पूड काय होती? बाळंतपणात व शस्त्रक्रियेनंतर वेदना शमविण्यासाठी दिले जाणारे पेथिडिन आपल्यापैकी पुष्कळांना नावाने ठाऊक आहे. त्याच्या जवळचा एमपीपीपी नावाचा एक पदार्थ आहे. 1947 साली हॉफमन-ला रोश कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली होती. पण औषध म्हणून तो कधी बाजारात आला नाही. कायद्याच्या यादीत त्याचे नाव त्या काळी नव्हते, म्हणून चोरट्या रसायनकाराने तो बनविण्याचा घाट घातला. मात्र तो बनविताना घाई झाली, तापमान आवरले नाही, तर त्याचा रेणू मोडून एमपीटीपी नावाचा दुसराच पदार्थ तयार होतो. नावात अक्षराचा फरक आणि परिणामात जन्माचा. रुग्णांपैकी दोघांनी वापरलेल्या मालाची तपासणी झाली तेव्हा तो मुख्यतः एमपीटीपीच निघाला. ज्यासाठी सारा खटाटोप केला, त्या एमपीपीपीचा केवळ लेश होता.

आणि ही गोष्ट पूर्वी एकदा घडून गेली होती! 1976 साली मेरीलँड राज्यातील तेवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने घरीच हा पदार्थ बनविला होता. कित्येक महिने त्याला काही झाले नाही. मग एकदा त्याने कृतीत काटछाट केली, आणि तोही असाच ताठ झाला. राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी त्याची काचपात्रे तपासली, तळाशी चिकटलेल्या अवशेषांत अनेक रसायने त्यांना आढळली; पण उंदरांवर प्रयोग केले असता कायमचा विकार काही दिसेना. पुढे तो तरुण दुसऱ्याच अमली पदार्थाच्या अतिसेवनाने मेला. शवचिकित्सेत त्याच्या मेंदूच्या बुडाशी असलेला, ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ म्हणजे ‘काळे द्रव्य’ या नावाचा भाग नष्ट झालेला दिसला. कंपवातात हाच भाग झिजत असतो. त्याची हकीकत 1979 साली एका नव्या नियतकालिकात छापून आली आणि फारसे कोणाचे लक्ष तिकडे गेले नाही. तथापि कॅलिफोर्नियातील एका विषशास्त्रज्ञाच्या स्मरणात ती राहिली होती. त्या एका स्मरणाने देशाच्या दोन टोकांवरच्या दोन घटना जोडल्या गेल्या. फेब्रुवारी 1983 मध्ये डॉ. लँगस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि अपराधी म्हणून एमपीटीपीकडे बोट दाखविले.

पुढील संशोधनात या विषाची चाल उलगडली. एमपीटीपी स्वतः मेंदूत सहज शिरते. तेथे आपल्याच शरीरातील एक विकर त्याचे खऱ्या विषात रूपांतर करते. नंतर डोपामिन हे द्रव्य वापरणाऱ्या पेशी, नेहमीचेच द्रव्य समजून, ते विष आत ओढून घेतात. आणि ते पेशीची चूलच विझवून टाकते. हजारो पेशींमधून नेमक्या त्याच पेशी मरतात, ज्यांवाचून हात उचलता येत नाही की पाऊल टाकता येत नाही. लेव्होडोपा या औषधाने त्या रुग्णांचे अवयव पुन्हा हलू लागले, हे खरे. पण औषधाचे दुष्परिणामही लवकर व तीव्र स्वरूपात आले, आणि मेलेल्या पेशी काही परत आल्या नाहीत.

या अरिष्टातून एक चांगली गोष्ट मात्र निष्पन्न झाली. तोपर्यंत कंपवात प्राण्यांत निर्माण करून त्याचा अभ्यास करण्याचे खात्रीचे साधन शास्त्रज्ञांपाशी नव्हते. 1983 मध्ये एमपीटीपीने माकडांत तोच विकार उत्पन्न होतो असे सिद्ध झाले. 1990 मध्ये माहलन डीलाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माकडांच्या मेंदूतील एका लहानशा केंद्राची अतिरिक्त खळबळ थांबविली, तेव्हा त्यांचे ताठलेले अवयव मोकळे झाले. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील शल्यविशारद आलिम-लुई बेनाबिद यांनी त्याच केंद्रात बारीक तार बसवून सौम्य विद्युत्स्पंदने देण्याचा उपचार 1993 च्या सुमारास मनुष्यांवर यशस्वी केला. या दोघांना 2014 साली लास्कर पारितोषिक मिळाले. आज जगभर अनेक कंपवातग्रस्त वृद्धांना या उपचाराचा लाभ होत आहे. एका चोरट्या कारखान्यातील हलगर्जीपणातून ज्ञानाचे हे दार उघडले. तथापि त्याची किंमत ज्या थोड्या तरुणांनी आयुष्यभर मोजली, त्यांनी ती आपण होऊन देऊ केली नव्हती, हे विसरून चालणार नाही.

मातापित्यांनो, आता या सर्वांतून आपल्या घरासाठी काय घ्यावयाचे? आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी मोठ्या शहरांत जातात. तेथे कोणी मित्र म्हणून पुडी किंवा गोळी पुढे करील, तेव्हा मुलांना केवळ “व्यसन वाईट” एवढेच सांगून भागत नाही. ते त्यांनी पुष्कळदा ऐकलेले असते. त्यांना हे सांगावे की, त्या पुडीत काय आहे हे देणाऱ्याला माहीत नाही, विकणाऱ्याला माहीत नाही आणि पुष्कळदा बनविणाऱ्यालाही माहीत नाही. कॅलिफोर्नियातील त्या तरुणांनी नशेचा हिशेब केला होता; ताठ होऊन पडण्याचा हिशेब त्यांच्या स्वप्नातही नव्हता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दुर्दैवाने घरातील कोणी असे काही घेतले आणि त्याची प्रकृती बिघडली, तर अब्रूच्या भयाने डॉक्टरांपासून काही लपवू नये. उरलेली पुडी, गोळी, रिकामे वेष्टन नाल्यात फेकून न देता डॉक्टरांच्या स्वाधीन करावे. वर सांगितलेले सर्व ज्ञान अशाच उरलेल्या चिमूटभर मालामुळे मिळाले आहे. पहिल्या रुग्णांचा माल मिळाला नसता, तर कदाचित त्यांना वेड्यांच्या इस्पितळात पाठवून जग मोकळे झाले असते. आपल्या देशाच्या 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यातही, अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी मनुष्य आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ इच्छीत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे. तेव्हा अशा मुलाला घराबाहेर काढू नका, दवाखान्यात न्या.

शास्त्रज्ञ अशुद्धीकडे नाक मुरडून पाहत नाही. तो ती जपून बाटलीत ठेवतो, तिच्यावर चिठ्ठी लावतो आणि तिला शांतपणे प्रश्न विचारतो. घरात असा प्रसंग आला, तर आपणही तितक्याच शांतपणे विचारावे. उत्तर वेळेवर मिळाले, तर एक जीव वाचू शकतो.